गेरू आणि रेड ऑक्साईड

आमच्या अंगणातले तुळशीवृंदावन काढायचे ठरले, तेव्हा मला कोणी विचारले नाही. मला फक्त कारण सांगण्यात आले. कारण असे, की रूपेशच्या नव्या पांढऱ्या गाडीला त्या वृंदावनाचा रंग लागला होता.

रूपेश हा माझा एकुलता एक मुलगा. पन्नाशीला टेकला आहे. द्रोणागिरीला त्याचे वाहतुकीचे ऑफिस आहे आणि न्हावा शेव्याच्या बंदरातून निघणारे कंटेनर त्याच्या ट्रेलरवरून बाहेर पडतात. जुईनगर स्टेशनच्या अलीकडे, जुन्या गावठाणात आमचे घर आहे. खाली आम्ही राहतो: मी, रूपेश, सून निशिगंधा आणि बेलापूरला नोकरी करणारी नात नमिता. वरच्या मजल्यांवर साताऱ्याकडची भाडेकरू कुटुंबे आहेत. सरकारने शेते घेतली तेव्हा ह्यांनी बांधावरची दोन घमेली माती उचलून आणली, अंगणात वृंदावन बांधले आणि ती माती त्यात भरली. ह्यांच्या मागे घर मी चालवले. पंचवीस वर्षे शाळेत मुलांना आणि त्याहून अधिक वर्षे या घराला माझ्या शब्दाची सवय आहे. इथे काय हलवायचे आणि काय नाही, हे मी सांगते. निदान तोपर्यंत तरी सांगत होते.

दिवाळी होऊन चार दिवस झाले असतील. रविवारी सकाळी चहा झाल्यावर रूपेश माझ्या दाराशी आला.

"आई, जरा बाहेर चल. दाखवायचंय काहीतरी."

गाडीच्या मागच्या चाकाच्या कमानीवर वीतभर लांब तांबडे फरकाटे उमटले होते. आजूबाजूला काळपट घासल्यासारखे दिसत होते.

"हे बघ. तुझं वृंदावन," तो म्हणाला.

"का? रात्री उठून त्याने गाडीला धडक दिली की काय?"

"आई, जोक नको ना. काल लावताना कोपरा घासला. नवी गाडी आहे. शोरूमवाले अख्खा भाग रंगवायला सांगतील. आणि हे काय एकदाच होणारंय का? रोज आत घेताना टेन्शन. तीन वेळा मागे-पुढे करावी लागते. मी मानसिंगशी बोललोय. तो वृंदावन नीट काढून वर गच्चीत बसवून देईल."

मानसिंग हा आमच्या गल्लीतला गवंडी.

"मानसिंगशी बोललास. माझ्याशी कधी बोलणार होतास?"

"आता बोलतोयच की."

"गच्चीत भाडेकऱ्यांचे लेंगे वाळतात. त्यांच्याखालून वाकून मी तुळशीला पाणी घालू?"

"मग कुंडी ठेवू खिडकीत. सगळ्या सोसायट्यांत तसंच असतं."

मी वृंदावनाचा फाटकाकडचा कोपरा पाहिला. परतीच्या पावसाने त्या बाजूचा गेरू आधीच ओघळला होता, त्यामुळे तिथे घासल्याची खूण शोधण्यात अर्थ नव्हता. मी त्याचे म्हणणे खरे मानले. मुलाच्या बोलण्याचा पुरावा मागण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती.

"हा डाग मी काढून देते," मी म्हणाले. "निघाला, तर वृंदावनाला कोणी हात लावायचा नाही. नाही निघाला, तर खुशाल बोलाव मानसिंगला."

तो हसला. "तू? कशाने काढणार? चिंच लावून?"

"ते मी बघीन. शब्द देतोस का?"

"दिला. निघाला तर राहू दे तुझं वृंदावन."

निशिगंधा दारात उभी होती. तिने पदराचे टोक उगाच नीट केले आणि आत गेली. तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही.

मी एवढ्या निश्चिंतपणे बोलले, कारण मला या कामात अवघड काहीच दिसत नव्हते. आमच्या वृंदावनाला दुकानातल्या डब्यातला रंग कधी लागलेला नाही. दर वर्षी मी दिवाळीच्या आधी गेरू रात्रभर भिजत घालते आणि सकाळी फडक्याने त्याचे दोन-तीन हात स्वतः देते. तो गेरू पाण्याने जातो. म्हणून तर दर वर्षी द्यावा लागतो. ओले फडके फिरवले की तांबडे उतरेल आणि विषय मिटेल, असे मी धरून चालले होते.

रूपेश भागीदाराच्या गाडीने द्रोणागिरीला गेला. त्यांच्या धंद्याला रविवार नसतो. मी निशिगंधाला गाडी सावलीत घ्यायला लावली. तापलेल्या पत्र्यावर साबण लगेच वाळतो आणि त्याचाच नवा डाग होतो. बसायला स्टूल घेतले, एक बादली साबणाच्या पाण्याची, एक साध्या पाण्याची. ह्यांचे एक जुने धोतर होते, त्याची फडकी फाडली. सुती आणि पुष्कळदा धुतलेल्या कापडासारखे मऊ दुसरे काही नाही. आधी नुसते पाणी ओतून धूळ घालवली. धुळीवरून फडके फिरवले तर धूळच कानशीसारखी घासते, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तांब्या-पितळेची भांडी मी जन्मभर घासली आहेत.

मग ओले फडके त्या तांबड्या फरकाट्यांवरून फिरवले.

फडके पांढरेच राहिले.

साबण घेऊन पुन्हा पुसले. काळपट घासटलेले थोडे निघाले, तांबडे मात्र तसूभरही हलले नाही. मी नख फिरवून पाहिले. नख कुठे अडकले नाही, वरून सरकत गेले. म्हणजे हा रंग पत्र्यात शिरलेला नव्हता. गाडीच्या रंगावर दुसरा रंग येऊन चिकटला होता. पण तो घट्ट होता. तेलाच्या रंगासारखा घट्ट.

मी उठले. तेच ओले फडके वृंदावनाच्या कोपऱ्यावरून एकदा फिरवले. ते लालभडक झाले.

मी पायरीवर बसले. एका हातात वृंदावनाचा गेरू होता आणि समोर गाडीवर दुसराच रंग. दिसायला दोन्ही तांबडे. पण दुसरा मी ओळखत होते. आमच्या लोखंडी फाटकाला गंज धरू नये म्हणून ह्यांनी आधी जो हात दिला होता, तो रेड ऑक्साईड. रूपेशच्या यार्डात उभ्या असलेल्या प्रत्येक ट्रेलरचा सांगाडा त्याच रंगाचा आहे.

"निशिगंधा," मी हाक मारली. ती हात पुसत आली. "गाडी कशाला घासली?"

"वृंदावनाला ना."

"पुन्हा सांग."

तिने माझ्या हातातले फडके पाहिले. मग गाडीकडे पाहिले.

"आई, मला मध्ये नका घेऊ प्लीज."

"मध्ये तू आहेसच. शनिवारी गाडीत होतीस?"

"होते. उरणला लग्नाला गेलो होतो ना, येताना यांना यार्डात दोन मिनिटं काम होतं. फोनवर बोलत बोलत रिव्हर्स घेतली. मागे ट्रेलर उभा. मी सांगतेय थांबा, थांबा, ऐकतंय कोण."

"आणि वृंदावन कधी आठवलं?"

"पाम बीच रोडला. म्हणाले, बरं झालं, आईला वृंदावन सांगू. रंग सारखाच आहे."

रंग सारखाच आहे. हा मुलगा त्या वृंदावनाभोवती रांगला, त्याच्या कट्ट्यावर बसून पाढे म्हणाला. मी गेरू कालवत असताना त्याने लहानपणी त्यात हात बुडवले आहेत आणि दोन लोटे पाण्यात ते धुऊनही घेतले आहेत. पन्नाशीला आल्यावर त्याला आपल्या अंगणातला रंग आणि ट्रेलरचा रंग सारखा दिसू लागला.

"त्याने सरळ येऊन सांगायचं होतं, की जागा हवी आहे," मी म्हणाले.

"तुम्हाला?" निशिगंधा हसली नाही, पण हसण्याच्या जवळ आली. "तुमच्यासमोर बोलायची हिंमत नाही त्यांची. माझी पण नाही, खरं सांगायचं तर. आज पहिल्यांदा बोलतेय."

"बरं बोललीस. आता पुन्हा कुलूप लाव तोंडाला आणि हात चालव. हा डाग संध्याकाळपर्यंत निघाला पाहिजे."

"आता कशाला काढायचा? असाच दाखवा ना त्यांना."

तिचा मुद्दा चुकीचा नव्हता. डाग ठेवला असता तर तोच पुरावा होता. पण मी डाग काढून देते असे बोलले होते, आणि तो खोटे बोलला म्हणून मी माझा शब्द मोडावा, हे मला मान्य नव्हते. वृंदावन मला ठरल्याप्रमाणे हवे होते. भांडून मिळवायचे असते तर ते सकाळीच मिळवले असते.

निशिगंधाने मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ लावला आणि आतून नखांचा रंग काढायची बाटली घेऊन आली.

"याने पण जातं म्हणतात. थोडंसंच घ्यायचं."

"ज्याने तुझ्या नखावरचा रंग उतरतो, तो गाडीचा रंग ठेवील का? बंद कर ती बाटली. स्टेशनजवळच्या स्पेअर पार्टवाल्याकडून रबिंग कंपाऊंड आण. आणि त्याला सांग, जाड नको, बारीक दे."

ती गेली आणि घेऊन आली. भाकरीच्या पिठासारखी मऊ पांढरी पेस्ट असते. आधी दाराच्या आतल्या बाजूला, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, चिमूटभर लावून पाहिले. चमक गेली नाही. मग कामाला लागलो. फडके बोटांना गुंडाळायचे, त्यावर हरभऱ्याएवढे कंपाऊंड घ्यायचे, बोटाच्या टोकाने दाबायचे नाही, सगळ्या बोटांचा सारखा हलका दाब द्यायचा आणि एकाच सरळ रेषेत पुढे-मागे करायचे. निशिगंधा गोल गोल घासू लागली, तेव्हा मी तिचा हात धरला. गोल घासले की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात.

फडक्यावर हळूहळू तांबडे येऊ लागले. तेवढा भाग दुमडून आत घालायचा, कोरी बाजू वर घ्यायची, पुसून पाहायचे, पुन्हा लावायचे. घाई करता येत नाही. आम्ही सासू-सुना आळीपाळीने त्या वीतभर जागेवर घासत बसलो होतो. एवढा वेळ आम्ही दोघी शेजारी कधी बसलो होतो ते मला आठवेना. बोलत मात्र नव्हतो. माझ्या मुलाच्या खोटेपणाची खूण मी माझ्याच हाताने पुसून टाकत होते आणि त्याच्या बायकोला मदतीला घेतले होते, यावर बोलण्यासारखे काय असणार?

वरच्या मजल्यावरची राहीबाई जिना उतरून आली. तिचा नवरा हौसेराव तुर्भ्याच्या बाजारात हमाली करतो.

"काय वो आजी, गाडी धुताय व्हय? मला हाक मारायची न्हाई का?"

"धूत नाही. सुनेला शिकवते आहे."

"आन् वैनी शिकत्यात?" राहीबाईने वाकून गाडीच्या पत्र्यात डोकावले. "लई झ्याक. तोंड दिसतंय की ह्यात. आमच्या मालकांना दावते, त्येंच्या सायकलीला पन लावा म्हनावं थोडं."

"सायकल आण आणि तूच लाव. फडकं देते."

ती हसत हसत दळणाला गेली.

उन्हे कलली तेव्हा तांबडे पूर्ण गेले होते. चाकाच्या कमानीच्या अगदी कडेला केसाएवढी एक रेघ उरली. तिथे नख अडकत होते. ती रेघ रंगाच्या खाली उतरली होती आणि कंपाऊंडने जाणारी नव्हती. माझ्यासारखे स्टुलावर खाली बसल्याशिवाय ती दिसत नव्हती. वरून पॉलिशचा एक पातळ हात दिला, वाळू दिला, कोरड्या फडक्याने उजळला. काम चांगले झाले होते. माझ्या हातचे काम आहे, म्हणून सांगत नाही.

दिवेलागणीच्या सुमारास रूपेश आला. एकटा आला नाही. सोबत मानसिंग होता आणि मानसिंगच्या हातात मोजायची टेप होती.

रूपेशने मोबाइलचा दिवा लावून चाकाच्या कमानीवर धरला. बोट फिरवले.

"कमाल आहे. निघाला की. आई, तू तर दुकानच टाक."

"मानसिंगला कशाला आणलंस?"

"इकडेच येत होता. म्हटलं, माप घेऊन ठेवू."

"डाग निघाला तर वृंदावन राहील, असं ठरलं होतं."

"हो, निघाला, मान्य. पण पुन्हा लागणार नाही कशावरून? रोज तू काय स्टूल घेऊन बसणार आहेस?"

"पुन्हा? आधी एकदा तरी लागली आहे का?"

त्याने निशिगंधाकडे पाहिले. त्या पाहण्यात सगळे आले.

"तिच्याकडे बघू नकोस. तिने काही सांगायच्या आधी मला कळलं होतं. गेरू पाण्याने जातो, रूपेश. तुझ्या ट्रेलरचा रंग जात नाही."

मानसिंगने टेप गुंडाळायला सुरुवात केली. "शेठ, मी उद्या येऊ का?"

"थांब," मी म्हणाले. तो थांबला.

रूपेशने मोबाइल खिशात टाकला. तो रागावेल असे मला वाटले होते. तो रागावला नाही. दमल्यासारखा गाडीला टेकला.

"ठीक आहे. खोटं बोललो. पण खरं सांगितलं असतं, तर तू हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले."

"मग मी काय करायचं होतं?"

"विचारायचं होतंस."

"कशाला? नाही ऐकायला?"

"हो. नाही ऐकायला."

त्याने गाडीला टेकलेली पाठ सरळ केली.

"अजून वेळ गेलेली नाही," मी म्हणाले. "आता विचार. मानसिंगच्या समोर विचार, की आई, मला जागा हवी आहे, वृंदावन हलवू का."

काय उत्तर देणार होते, ते मी तेव्हा ठरवले नव्हते. आजही ठरवलेले नाही. त्याने विचारले असते तर कदाचित मी मानसिंगला सांगितले असते, की आधी माती काढून घे, ती टाकू नकोस. कदाचित नसतेही सांगितले. पण ते माझ्या तोंडून निघाले असते.

रूपेशने विचारले नाही. "जाऊ दे," तो म्हणाला. "राहू दे तुझं वृंदावन. शब्द दिलाय ना." आणि तो बूट काढून आत गेला. आपल्यामागे दार त्याने आपटले नाही, हळू लोटले.

"आजी, मी जाऊ का आता?" मानसिंगने विचारले. त्या संध्याकाळी मला विचारणारा तो एकटाच होता. मी त्याला जा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून गाडी अंगणात आली नाही. रूपेश ती गल्लीच्या तोंडाशी, किराणा दुकानाच्या बाजूला लावू लागला. तिथे रिक्षावाले तिच्या आरशाला धक्के देत जातात, पण त्याबद्दल घरात कोणी तक्रार करत नाही. तुळशीचे लग्न लागले. रूपेश शर्ट बदलून आला, निशिगंधाने ऊस आणि आवळे आणले, नमिताने फोटो काढले. सगळ्यांनी अक्षता टाकल्या, प्रसाद घेतला, माझ्या पाया पडले. पाहुण्यांनी करावे तसे सगळे नीट केले.

कोणी मला उलट बोलत नाही. पूर्वी रूपेश बोलत असे, वाद घालत असे, जेवता जेवता ताट सरकवत असे. आता सगळे गोड बोलतात. "आई, आम्ही उद्या जेवायला नाही." "आई, पुढच्या खोलीतला सोफा बदललाय, आवडला का?" सोफा आल्यावर आवडला का, असे विचारतात. भाडेकरू बदलला तो मला त्याचे सामान वर चढताना कळला. घरात माझा शब्द कोणी मोडत नाही, कारण तो टाकायची वेळच कोणी माझ्यावर येऊ देत नाही.

अंगणात आता पुष्कळ जागा आहे. वृंदावन मधोमध उभे आहे आणि चारही बाजूंनी मोकळे आहे.

परवा सकाळी मी तुळशीला पाणी घालत असताना राहीबाई वरून आली आणि पायरीवर टेकली.

"आजी, एक इच्यारायचं व्हतं. वैनींनी रविवारी पुऱ्या लाटाया बोलिवलंय. नमिताताईंना बघाया पनवेलची मंडळी येनारेत न्हवं? किती मान्सांच्या करायच्या ते वैनी बोलल्याच न्हाईत. तुमी सांगा."

तांब्यातले पाणी अजून अर्धे होते. मी ते सगळे घातले, सावकाश.

नमिता माझी एकुलती एक नात आहे. तिचे नाव मी ठेवले. तिची पहिली पाटी मी गिरवून घेतली. पनवेलच्या मंडळींचे मात्र मी आत्ता राहीबाईकडून ऐकले.

"पंधरा-वीस जणांच्या धर," मी म्हणाले. "मीच बोलावलं आहे त्यांना."